अर्धा इंच उतरता खांदा

आमच्या घराण्यात नाव काढण्यासारखं कोणी काही केलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाचा अपेक्षाभंग व्हायला नको. पणजोबांनी आयुष्यात एकच शोध लावला. जेवताना चष्मा काढून ठेवला की ताटात किती वाढलंय ते नीट दिसत नाही आणि मनाला टोचणी लागत नाही. ते शेवटपर्यंत आंधळेपणाने आणि समाधानाने जेवले. त्यांच्या बहिणीने शेजारणीशी सत्तावीस वर्षं अबोला धरला आणि तो कशावरून धरला हे आठवेना तेव्हा शेजारणीलाच जाऊन विचारलं. शेजारणीलाही आठवेना. मग दोघींनी मिळून एक कारण ठरवलं आणि अबोला पुढे चालू ठेवला. आजोबांचे एक चुलतभाऊ स्वतःच्या लग्नाला दोन तास उशिरा पोचले, कारण वाटेत भलत्याच लग्नात जेवायला बसले होते. असे आम्ही.

पण आमच्याकडे खांदा होता.

आमच्या रक्ताच्या प्रत्येक माणसाचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली असतो. हे मी ऐकीव सांगत नाही, मापवहीत लिहिलेलं आहे. पिढ्यान्पिढ्यांच्या मापवह्या काकांच्या दुकानात आहेत. त्यातल्या आमच्या घरच्या पानांवर छाती, कंबर, बाही यांच्या खाली शेवटची ओळ एकच सापडेल : डावा, अर्धा इंच खाली. कोणाचं नाक आजोबांवर गेलं, कोणाचा राग पणजीवर गेला, यावर वाद घालता येतो. खांद्यावर कोणाची ब्र काढायची टाप नव्हती.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे सगळ्यात धाकटे भाऊ. धंद्याने शिंपी. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत आणि अजून रोज सकाळी नऊला दुकान उघडतात. लग्न केलं नाही. का केलं नाही असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, ट्रायलला कोणी आलंच नाही. काकांचं बोलणं एवढंच. गळ्यात टेप, कानावर खडू, ओठांत दोन-तीन टाचण्या, त्यामुळे बोलायची तशीही पंचाईत. माणसं त्यांच्या लक्षात चेहऱ्याने राहत नाहीत, मापाने राहतात. रस्त्यात कोणी हात केला तर ते हसतात, पुढे जातात आणि दहा पावलांवर मला विचारतात, हा साडेपंधरा गळा ना? पणजोबांबद्दल घरात शंभर गोष्टी आहेत, काकांना एकच ठाऊक आहे. कंबर चव्वेचाळीस, पण चाळीसच लिही म्हणून दम द्यायचे. आजोबा चाळीस लिहायचे आणि चव्वेचाळीसची विजार शिवायचे. दोघंही खूश.

दुकानाला दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत काउंटर, शिलाईची दोन मशीनं आणि इस्त्रीचं टेबल. गिऱ्हाइकाचं माप काउंटरपाशी, पायरीला लागून घ्यायचं. आतल्या खोलीत पुरुषभर उंचीचा आरसा, डाव्या भिंतीला कापडाचं जुनं कपाट, आणि फरशीवर तेलरंगाने काढलेली दोन पावलं. घरच्या माणसाचं माप आत, त्या पावलांवर उभं करून घ्यायचं. हा आजोबांचा नियम. सून किंवा जावई कितीही लाडके असले तरी त्यांचं माप बाहेर. जे रक्ताचे तेच आत. अठरावं वर्ष लागलं की घरचा मुलगा असो वा मुलगी, त्याला आत बोलवायचं, दोन पावलांवर ताठ उभं करायचं, मानेमागे लाकडी पट्टी धरायची आणि आरशाच्या चौकटीवर आखलेल्या आडव्या रेघांशी ती ताडून बघायची. पट्टी डावीकडे झुकायचीच. मग आजोबा मोठ्याने सांगायचे, डावा, अर्धा इंच खाली. बाहेर बसलेले सगळे माना डोलवायचे, जणू काही निकाल लागला. मग त्या मापाचा एक कोट मिळायचा. माझा निकाल लागला तेव्हा मी आनंदाने रडले होते. आज सांगताना लाज वाटते, पण रडले होते.

या खांद्याचा उगम एका भांडणात आहे. आजोबांचे मोठे भाऊ, आमचे थोरले आजोबा, यांच्यासाठी आजोबांनी हौसेने कोट शिवला. आतला आरसा तेव्हा नवीन होता. पणजोबांनी स्वतः ओळंबा सोडून तो टांगला होता, त्यामुळे आरशावर संशय घ्यायची सोय नव्हती. माप घेताना आजोबांना दिसलं की भावाचा डावा खांदा उतरता आहे, म्हणून त्यांनी डाव्या खांद्यात कापसाची जादा गादी भरली. थोरल्या आजोबांनी कोट घातला, बाहेर जाऊन खिडकीच्या काचेत पाहिलं आणि म्हणाले, डावा खांदा वर गेलाय, कोट चुकला. आजोबा म्हणाले, कोट चुकला नाही, तुझा खांदा चुकलाय. शब्दाने शब्द वाढला. आपलं म्हणणं खरं करायला आजोबांनी घरातल्या एकूण एक माणसाला आत नेऊन मापलं, आणि काय आश्चर्य, सगळ्यांचाच डावा खांदा अर्धा इंच खाली. बघा, म्हणाले, हे आपल्या रक्तातच आहे. थोरल्या आजोबांनी तो कोट अंगात घालूनच घर सोडलं आणि पुन्हा कधी तोंड दाखवलं नाही. कोटावरून घर सोडणारा माणूस आमच्याकडेच निपजायचा.

आजोबांच्या काळातले घरचे फोटो बघण्यासारखे आहेत. रांगेत उभे सगळे, आणि प्रत्येकाच्या कोटाचा डावा खांदा वर चढलेला, अदृश्य दोरीने कोणीतरी ओढून धरल्यासारखा. आजोबांचे डोळे गेल्यावर कात्री काकांच्या हातात आली. तेव्हापासूनचे कोट मात्र अंगावर असे बसतात की उतरता खांदा शोधूनही सापडत नाही. काकांच्या हाताची ही कमाल आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असू. काका टाचण्या ओठांत धरून ऐकून घ्यायचे.

आता मोठ्या आत्याबद्दल सांगायला हवं, कारण घरात शेवटचा शब्द तिचा असतो. काकांची मोठी बहीण, आज शहाऐंशीची. खांदा हा तिचा सगळ्यात लाडका विषय. एखाद्या लांबच्या नातेवाइकाची वागणूक पसंत पडली नाही की ती म्हणायची, ह्याचा खांदा एकदा बघायला हवा. आणि तिसरी मी. पाणी खात्याच्या तक्रारींच्या खिडकीमागे माझी तीस वर्षं गेली. लोक बाहेर उभे, मी आत बसलेली. त्यामुळे माणूस तोंड उघडायच्या आत तो किती खोटं बोलणार हे मला कळतं असा माझा समज आहे. निदान होता.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. पन्नाशी उलटलेला एक माणूस काकांच्या काउंटरपाशी आला आणि म्हणाला, माझे आजोबा ह्याच दुकानातून कोटावरून भांडून गेले होते. काकांनी कापड बाजूला ठेवलं आणि त्याला रविवारी यायला सांगितलं. रविवारी आत्या आणि मी जाऊन काउंटरच्या आतल्या बाकावर बसलो. तो बाहेर पायरीवर उभा राहिला. सडपातळ, गुडघ्यावर विजार झिजलेली, बोटांच्या पेरांत सिमेंट बसलेलं. फरश्या बसवायचा धंदा, म्हणाला. पुढे त्याला सगळे फरशीवालाच म्हणू लागले, म्हणून मीही तेच म्हणते.

आत्याने उलटतपासणी सुरू केली. कागद आहे का काही? नाही. फोटो? घर बदलताना हरवला. तो कोट? कसरीने खाल्ला. आजोबांचं नाव त्याने बरोबर सांगितलं, कोटाची गोष्ट तर घडाघडा सांगितली, पण आत्या म्हणाली, ही गोष्ट गल्लीतल्या मांजरांनासुद्धा पाठ आहे. तिचं खोटं नव्हतं. मी खिडकीतले ठेवणीतले प्रश्न काढले. एकच गोष्ट तीन वेळा फिरवून विचारायची, म्हणजे बनाव असेल तर कुठेतरी उसवतो. त्याचा कुठे उसवला नाही, पण पुरावाही काही निघेना. शेवटी आत्याने सरळच विचारलं, तुम्हाला हवंय काय?

"काही नको," तो म्हणाला. "बायको गेली, मूलबाळ नाही. मागच्या महिन्यात माझं ऑपरेशन झालं. फॉर्मवर जवळचा नातेवाईक असा रकाना होता. मी मुकादमाचं नाव लिहिलं. मुकादम म्हणाला, ह्या वेळी लिही, पण सवय लावून घेऊ नको."

मला वाईट वाटलं, नाही असं नाही, पण वाईट वाटायला लावणारी माणसं मी वीस वर्षं पाहिली होती. मी म्हटलं, रकाना रिकामा आहे म्हणून कोणाचंही नाव लिहिता येत नाही. आत्याने मान हलवली. बहुतेक प्रकरण तिथेच निकालात निघालं असतं. तेवढ्यात काकांनी ओठांतल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या.

"आत चला," ते त्याला म्हणाले. "माप घेतो."

नाही म्हणायची आत्याची सोयच नव्हती, आयुष्यभर खांदा खांदा म्हणून तिनेच डोकं उठवलं होतं. आम्ही सगळे आत गेलो. फरशीवाल्याने चपला बाहेर काढल्या. तो त्या दोन पावलांवर उभा राहिला आणि क्षणभर खाली बघत राहिला. मग त्याने आरशात काकांकडे पाहिलं. काही बोलणार असं वाटलं, पण काका म्हणाले, ताठ, हलू नका. मानेमागे पट्टी लागली. मी चष्मा पुसून आरशाच्या रेघा स्वतः मोजल्या, काकांवरसुद्धा विश्वास न ठेवता.

डावा, अर्धा इंच खाली.

मापवहीत मी माझ्या हाताने लिहिलं. आत्या एक ग्लास पाणी प्यायली, बाहेर येऊन बाकावर बसली आणि त्याच्याकडे टक लावून बघत म्हणाली, "जेवून जा."

त्यानंतर तो आमच्यातच मुरला. महिन्यातून एका रविवारी आत्याकडे सगळे जेवायला जमतात, त्यात त्याचं पान लागू लागलं. काकांनी त्याला रीतसर कोट शिवून दिला. त्याने घरातल्या सगळ्यांच्या न्हाणीघरांच्या फरश्या बदलल्या, आत्याची पायरी बसकी करून दिली, माझ्या स्वयंपाकघरातली एक फरशी पायाखाली वाजायची ती न सांगता येऊन बसवून गेला. मी त्याला चहा दिला आणि तरी मनातून थोडी सावध राहिले. जुनी सवय. चार वर्षांपूर्वी त्याचं दुसरं ऑपरेशन झालं तेव्हा त्याने त्या रकान्यात आत्याचं नाव लिहिलं. आत्या काठी टेकत गेली, सही केली आणि मग डॉक्टरला एवढे प्रश्न विचारले की तो बिचारा तिला बघून जिन्याने पळायला लागला. माझ्या थोरल्या काकांचा नातू, अशी ती त्याची ओळख करून द्यायची. ओळख झाली की त्याच्या डाव्या खांद्यावर हात ठेवायची.

गेल्या वर्षी काका आतल्या खोलीत फुटक्या फरशीला अडखळून पडले. हाड मोडलं नाही, पण आत्याने फर्मान काढलं की आतली फरशी बदलायची. बदलणार कोण, हा प्रश्नच नव्हता. मी नुकतीच निवृत्त झाले होते, तक्रार ऐकायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून देखरेखीला जाऊन बसले. काका बाहेर मशीनवर होते. त्यांना आता कमी ऐकू येतं. फरशीवाला सिमेंट आणायला गेला आणि त्याची पिशवी तिथेच राहिली. तिच्यातून लेव्हल डोकावत होती, ती काचेची नळी बसवलेली पट्टी, जिच्यातला बुडबुडा मधोमध आला की समजायचं जमीन सपाट आहे. मला काही उद्योग नव्हता. मी ती उचलली आणि रंगवलेल्या दोन पावलांच्या मधे ठेवली.

बुडबुडा सरळ उजवीकडे पळाला आणि तिथेच जाऊन बसला.

मी पट्टी उलटी करून ठेवली. बुडबुडा परत उजवीकडेच. याचा अर्थ जमीन डावीकडे उतरती. मग एकदम मला बटणं आठवली. त्या खोलीत बटण पडलं की ते डाव्या भिंतीच्या कपाटाखालीच सापडायचं. लहानपणापासून आम्ही सगळ्यांनी पोटावर झोपून, पट्टीने ओढून, त्या कपाटाखालून शेकड्यांनी बटणं काढली होती. तीन पिढ्या बटणं काढत होत्या आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नव्हता. आणि पडणार कसा? उभे राहणारे आम्हीच, बघणारे आम्हीच. परका माणूस त्या पावलांवर कधी उभाच राहिला नव्हता.

फरशीवाला परत आला तेव्हा मी तशीच उभी होते, हातात लेव्हल घेऊन. त्याने माझ्याकडे पाहिलं, लेव्हलकडे पाहिलं, सिमेंटची गोणी हळूच खाली ठेवली.

"ही पूर्वी मोरी होती, ताई," तो म्हणाला. "पाणी जायला उतार ठेवलाय. कपाट सरकवलं तर मागे भोक सापडेल."

आम्ही कपाट सरकवलं. भोक होतं. चिंधीचा बोळा कोंबलेलं, आणि भोवती सात-आठ बटणं. आमच्या घराण्याचा एकुलता एक अभिमान मोरीच्या उतारावरून निघाला होता. हसावं का रडावं कळेना. मग माझं डोकं तापलं, आणि ते त्याच्यावर तापलं.

"तुम्हाला केव्हा कळलं?"

"पहिल्याच दिवशी. पाय ठेवल्या ठेवल्या. पंचवीस वर्षं हेच काम करत होतो."

मी त्याला खूप बोलले. हळू आवाजात बोलले, पण खूप बोलले. फसवलंत म्हणाले. म्हातारी तुमच्या खांद्यावर हात ठेवते आणि तुम्ही ठेवून घेता, असंही म्हणाले. तो ऐकून घेत होता. म्हणाला, मी त्या दिवशी सांगणार होतो, पण मास्तर म्हणाले हलू नका. आणि नंतर, मापवहीत माझं पान झाल्यावर, धीर झाला नाही. आजोबा मात्र माझे तेच होते ताई, एवढंच तो म्हणाला, आणि ते मी मानावं म्हणून काही जोरही केला नाही. मग त्याने लेव्हल माझ्या हातातून घेतली आणि विजारीला पुसली.

"आता तुम्ही सांगा. सपाट करायची तर संध्याकाळपर्यंत सपाट करून देतो."

मी उंबरठ्यावर बसले. पुढच्या महिन्यात माझ्या चुलतभावाच्या नातीला अठरावं लागणार होतं. तिचं माप ठरलेलं होतं. सपाट फरशीवर तिचे दोन्ही खांदे सारखे येणार, आणि आत्या काही दूधखुळी नाही. ती आधी पोरीला पुन्हा उभी करील, मग मला उभी करील, मग स्वतः उभी राहील, आणि मग तिची नजर ह्या माणसाकडे वळेल. आमच्यापैकी बाकी कोणाचं काही बिघडणार नव्हतं. आम्हाला जन्माचे दाखले होते. ह्याच्याकडे तेवढा अर्धा इंचच होता. आणि बाहेर काका होते, ऐंशी वर्षांचे, पन्नास वर्षं मापवहीत तीच ओळ लिहीत आलेले. त्यांना ह्या वयात कसं सांगायचं की तुमच्या वह्यांतली शेवटची ओळ मोरीने लिहिली? मी स्वतःला बजावलं की मी काकांचाच विचार करते आहे.

"उतार ठेवा," मी म्हटलं.

"किती?"

"होता तेवढा."

त्याने मान खाली घातली, बराच वेळ फरशीवर काहीतरी खरवडत राहिला, आणि मग कामाला लागला. लेव्हलच्या एका टोकाखाली लाकडाची चकती ठेवून तो प्रत्येक फरशी मुद्दाम तिरकी बसवत होता. सगळं आयुष्य सपाट बसवण्यात गेलेला माणूस तो, त्याच्या हातांना ते जड जात होतं. दोनदा तर सवयीने सपाटच बसवली आणि उचलून परत लावली. भोक त्याने बुजवलं नाही. फरश्या सुकल्यावर जुन्या मापाने दोन पावलं रंगवली.

पुढच्या महिन्यात पोरगी त्या पावलांवर उभी राहिली. या वेळी काकांनी पट्टी माझ्या हातात दिली. डावा, अर्धा इंच खाली. आत्याने समाधानाने मान डोलवली आणि शेजारी बसलेल्या फरशीवाल्याला म्हणाली, बघ, तुझ्या आजोबांपासून पाचवी पिढी. तो हो म्हणाला. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही.

तो कोट शिवायला काकांनी तीन आठवडे लावले. काज-बटणं बाहेरून करून घेतली, पण कापणं आणि खांदे बसवणं त्यांचंच. मी दुपारची जाऊन सुईत दोरा ओवून द्यायचे. एका दुपारी त्यांनी खांद्यांच्या गाद्या भरायला घेतल्या. कॅनव्हास, त्यावर कापूस, वर कापड. उजवी भरली, बाजूला ठेवली. डावी भरली, उजवीवर ठेवली, बोटांनी दाबून दोन्ही सारख्या असल्याची खात्री केली आणि टाके घालायला लागले.

मी दोन्ही गाद्या बोटांनी चाचपल्या. मग म्हटलं, काका, डावीत अर्धा इंच जास्त नको?

काकांनी मान वर केली. चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं, मग आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"तुझ्या कोटातही नाही," ते म्हणाले.

मी कान देऊन ऐकत होते तरी मला ते समजायला वेळ लागला. घरातले सगळे फोटो माझ्या डोळ्यांपुढून गेले. आजोबांचे चढलेले खांदे, आणि काकांच्या हातात कात्री आल्यापासूनचे सरळ. हाताची कमाल म्हणून आम्ही जगभर मिरवत होतो. कमाल एवढीच होती की काका वहीत लिहायचे एक आणि कापायचे दुसरं, त्यांच्या वडिलांनी पणजोबांच्या विजारीचं केलं होतं तसं.

केव्हा कळलं, असं मी त्यांनाही विचारलं. पहिलाच कोट स्वतः कापला तेव्हा, म्हणाले. आतल्या मापाने बसेना, तेव्हा भावाला, म्हणजे माझ्या वडिलांना, बाहेर पायरीशी उभं करून पुन्हा मापलं. बाबा, म्हणजे आमचे आजोबा, होते तोवर बोलायची छाती झाली नाही. त्यांचा भाऊ घर सोडून गेला त्या गोष्टीचं बाबांपाशी नावसुद्धा काढता येत नव्हतं. आणि बाबा गेले तोवर तुम्हाला सगळ्यांना खांदा आवडायला लागला होता.

"म्हणजे थोरल्या आजोबांचं बरोबर होतं?"

"कोट चुकलाच होता."

त्यांनी हातातला दोरा दातांनी तोडला. मी म्हटलं, मग त्या दिवशी त्याला आत कशाला नेलंत? तुम्हाला ठाऊक होतं, तिथे कोणालाही उभं केलं असतं तरी तेवढंच आलं असतं. खांद्यावरून काहीच ठरत नव्हतं. तो आपला आहे की नाही हे तुम्हालाही माहीत नव्हतं.

काका सुईत दोरा ओवू बघत होते. सुईचं नेढं दिसत नव्हतं, दोरा सारखा बाजूने जात होता, पण सुई माझ्याकडे द्यायला तयार नव्हते.

"नव्हतं," ते म्हणाले. "तुम्ही दोघी आत बसून विचारत होतात, आणि तो तासभर बाहेर उभा होता. त्याला आत घ्यायला माझ्याकडे त्या खोलीशिवाय दुसरं काही नव्हतं."

मग त्यांनी सुई माझ्यापुढे धरली. मी ती घेतली, पण मलाही नेढं दिसेना. तीस वर्षं मी खिडकीच्या आत खुर्चीवर बसले होते, आणि बाहेर एक बाक टाकावा हे मला एकदाही सुचलं नव्हतं.